आरू, मूरू

अनिलकुमारला एक वाक्य बोलायचं आहे. ते शिवराजला सांगायचं आहे, आणि शिवराज रोज सकाळी त्याच्यासमोर असतो, हात लांब केला तर लागेल एवढ्या अंतरावर, कॉटवर. कमरेखाली शिवराजला काही जाणवत नाही.

शिवराज, तुझ्या कमानीखालच्या प्लेटा तीनच्या होत्या. सहाच्या पाहिजे होत्या.

सात महिने झाले. वाक्य ओठापर्यंत येतं आणि मग शिवराजची बायको दीपमाला चहा घेऊन येते, किंवा शिवराजच काहीतरी बोलतो, किंवा

*

आधी प्लेट म्हणजे काय ते.

बीदर जिल्ह्यातल्या औरादला उदगीर रस्त्यावर अनिलकुमारचं वेल्डिंगचं दुकान आहे. गेट, खिडक्यांच्या जाळ्या, ट्रॅक्टरच्या ट्रॉलीचे हूक. आजोबा मेंढ्या घेऊन फिरले, वडिलांनी दुसऱ्यांच्या शेतात काम केलं, याने बीदरला आयटीआय केलं. शिवराज पाचवीपासूनचा दोस्त. त्याचे वडील अंकुशराव, त्यांची तुरीची आणि सोयाबीनची आडत. आडतीवर बसायचं सोडून शिवराजने एका रिटायर मास्तरांची जुनी लहान गाडी घेतली, आतल्या गाद्या, पत्रे, मागच्या सीटा उपसून बाहेर फेकल्या आणि तिची रेसची गाडी करायला घेतली.

कलबुर्गीच्या पुढे एका माळावर वर्षातून एकदा मातीवरची रेस होते. तिथला नियम असा की आत रोल बार नसेल तर गाडी रांगेतही उभी करू देत नाहीत.

रोल बारला हे दोघं कमान म्हणत. ड्रायव्हरच्या डोक्यावरून जाणारी जाड नळीची कमान. गाडी उलटली तर छत चेपतं, कमान चेपत नाही. पण कमानीचे पाय कशावर तरी उभे पाहिजेत. जुन्या गाडीचा तळ गंजून पापडासारखा झालेला. नुसती नळी त्यावर ठेवली तर ती तळातून आरपार जाईल. म्हणून पायाखाली एक प्लेट, मधे गाडीचा पत्रा, पत्र्याखाली दुसरी प्लेट, आणि तिन्हींतून बोल्ट. चार पाय, आठ प्लेटा.

कमान कलबुर्गीत पप्पूने वाकवली. पप्पू तिथला मेकॅनिक, इंजिनही त्यानेच बसवलेलं. प्लेटाही तोच करणार होता.

"प्लेटा माझा दोस्त करंल," शिवराज त्याला म्हणाला. "त्याच्या हातचं वेल्ड बघितलास न्हाई तू अजून."

*

कृती.

पत्रा घे. चार बाय चार इंचाचे आठ तुकडे आख. खडूने आखू नको, खडूची रेघ जाड येते. टोकदार सुईने ओरखडा काढ. कापताना चकती रेघेच्या बाहेरून चालव, आतून चालवलीस तर माप गेलं. कडा घास. कोपरे गोल कर, टोकदार कोपरा गाडीचा पत्रा फाडतो. भोकांच्या जागी पंचाने ठोका मार, नाहीतर ड्रिल घसरतं. आठही प्लेटा एकावर एक धरून एकदम भोकं पाड, म्हणजे वरची आणि खालची जुळतील. ड्रिलवर तेल सोड. कमानीचा पाय प्लेटवर काटकोनात धर, चार ठिकाणी टाके मार, थांब, गोनिया लावून काटकोन बघ, मग पूर्ण वेल्ड कर, एका दमात नाही, समोरासमोरच्या बाजूंनी थोडं थोडं, नाहीतर प्लेट उष्णतेने वाकते. पापुद्रा ठोकून काढ. ब्रश मार. रंग.

हे सगळं त्याने केलं. यातलं एकही चुकलं नाही. भोकात भोक असं बसलं होतं की बोल्ट बोटाने सरकत खाली गेला. शिवराजने तो बोल्ट चारदा काढला आणि चारदा टाकला, नुसता बघायला.

"आयला," तो म्हणाला, "लगनात अंगठी बी अशी बसली न्हवती मला."

कृतीत पहिलं वाक्य आहे: पत्रा घे. कोणता, ते लिहिलेलं नाही.

*

कारण पप्पूने पाठवलेल्या कागदाच्या फोटोतही ते लिहिलेलं नव्हतं. लांबी होती, रुंदी होती, भोकांची अंतरं होती. जाडीच्या जागी कानडीत एवढंच: फोनवर सांगतो.

कानडीत सहाला आरू म्हणतात. तीनला मूरू.

पप्पू आणि अनिलकुमार कानडीत बोलत. अनिलकुमारची कानडी बसच्या तिकिटापुरती नाही, चांगली आहे. औरादात माणूस घरात मराठी बोलतो, दुकानात गिऱ्हाईक येईल तसं कानडी, तेलुगू, दखनी. त्यात कुणी अडखळत नाही. त्या दिवशी पप्पूच्या बाजूला इंजिन चालू होतं. या बाजूला ग्राइंडर. ग्राइंडर कुणा दुसऱ्याचा नव्हता, अनिलकुमारच्याच उजव्या हातात होता आणि फोन खांद्यात धरलेला. एका गेटची कड घासायची राहिली होती. बटण सोडायला अर्धं बोट लागलं असतं.

पप्पू म्हणाला: यम्‌यम् आरू.

किंवा पप्पू म्हणाला: यम्, मूरू.

हे कुणीही मोठ्याने म्हणून बघावं. भराभर. शेजारी इंजिन चालू ठेवून.

औरादचे मिस्त्री जाडी सुतात मोजतात. एक सूत म्हणजे तीन, दोन सूत म्हणजे सहा. पप्पू सुतात बोलला असता तर. पण पप्पू रेसवाला, तो एमएममध्ये, मिलिमीटरमध्ये बोलायचा, आणि कानडीत एमएमचं यम्‌यम् होतं.

*

दुकानात दोन्ही होतं. ट्रॉलीच्या कामातून उरलेला सहाचा तुकडा वर, तीनचा त्याच्याखाली. तीनचा काढायला त्याने सहाचा उचलून बाजूला ठेवला. उचलताना मनात आलं की तीन जरा कमीच. मग मनात आलं की रेसची गाडी आहे, वजन कमी पाहिजे असेल, त्यांना जास्त कळतं.

हे त्याला आठवतं. बाकी कुणाला हे माहीतच नाही, तर आठवायचं कुणी.

*

वाक्याचे प्रयत्न, मोटारसायकलवर, स्वतःचं घर ते शिवराजचं घर, रोज:

मी तीन ऐकलं.

मला तीन ऐकू आलं.

तीन ऐकू आलं.

तीन

मी विचारायला पाहिजे होतं.

विचारायला पाहिजे होतं, कुणीतरी.

मराठीत माणूस वाक्यातून किती सहज बाहेर पडतो. शिवराजचं घर येतं.

*

रेस रविवारी सकाळी होती. अनिलकुमार गेला होता. पप्पूने कमानीवरून हात फिरवला, वेल्डच्या रेघेवर बोट टेकलं आणि म्हणाला, "अन्ना, वेल्ड भारी." तपासणीला आलेला माणूसही वेल्डकडेच बघत राहिला. आत काळा रंग होता, प्लेटांच्या कडा त्याच रंगात बुडालेल्या. चांगलं वेल्ड दिसलं की माणूस खाली बघत नाही.

तिसऱ्या फेरीला डाव्या वळणावर गाडीची मागची बाजू घसरली. कडेच्या मातीच्या ढिगाला चाक लागलं. गाडी आधी कुशीवर गेली, मग छतावर, मग आणखी एकदा. धूळ. धुळीत चाकं फिरत होती, आवाज शिवणयंत्रासारखा.

चार पायांपैकी मागचे दोन जागेवर होते. पुढच्या डाव्या पायाखालची प्लेट द्रोणासारखी वाकली होती. बोल्ट शाबूत, वेल्ड शाबूत. वेल्ड कुठेही सुटलं नव्हतं. प्लेट वाकली, पाय आत गेला, कमान कलली, आणि छत

डॉक्टर म्हणाले, मणका.

*

चूक खूप जणांनी आपल्यावर घेतली.

दीपमाला म्हणाली की त्या दिवशी तिने जाऊ नका म्हणायला तोंड उघडलं होतं आणि गप्प बसली. अंकुशराव म्हणाले, मी लाड केले. शिवराजची आई राजूबाई म्हणाली की गाडीला लिंबू बांधायचं राहिलं. आणि शिवराजने सगळ्यांत मोठी घेतली. तो म्हणाला, "ब्रेक उशिरा दाबला म्या. वळण मला म्हायती होतं. दोनदा नीट घेतलो, तिसऱ्यांदा मस्ती केलो."

तो असं म्हणाला तेव्हा अनिलकुमार कॉटच्या पायथ्याशी उभा होता. तेव्हाच बोलायला पाहिजे होतं.

*

पाचव्या दिवशी पप्पूचा फोन आला, मोडलेली गाडी त्याच्याकडेच होती. या वेळी तो दखनीत बोलला.

"अन्ना, प्लेट तीन का था."

"हां."

"मैं क्या बोला था तेरेकू?"

अनिलकुमार दुकानात उभा होता. ग्राइंडर बंद होता. सगळं नीट ऐकू येत होतं.

"मूरू बोला था तू."

पलीकडे पाना खाली ठेवल्याचा आवाज आला.

"हौ," पप्पू म्हणाला. "बोला हुंगा. भोत काम था उस दिन." आणि फोन ठेवला.

त्यानंतर त्याने फोन केला नाही, आणि केलेले उचलले नाहीत. कलबुर्गीहून आलेला एक ट्रॅक्टरवाला सांगत होता, पप्पू आता रेसच्या गाड्या घेत नाही. ऑटो दुरुस्त करतो.

*

सकाळ.

अनिलकुमार दुकान उघडायच्या आधी येतो. शिवराजची कूस बदलायची असते, दर दोन तासांनी, नाहीतर पाठीला जखमा होतात. दिवसभर दीपमाला आणि अंकुशराव करतात. सकाळचं अनिलकुमारचं. दीपमालाला तेवढाच आराम.

"आला का हमाल?" शिवराज म्हणतो. "या. पोतं तयार हाय."

"पोतं जड झालंय लई. खायलास काय बसून?"

"बसून कुठं रे. झोपून. आडतीवर बघतेत तसं वलावा किती हाय बघ आधी, मग भाव कर."

दीपमाला दारातून म्हणते, "भावजी, त्येंच्या नादी लागू नका. रात्री दोन भाकऱ्या खाल्ल्यात."

"ही मोजती बघ," शिवराज म्हणतो. "आडतीवर हिलाच बसवा."

असं. सात महिने असंच. हसतात तिघंही. मग दीपमाला आत गेली की शिवराज छताकडे बघतो आणि डाव्या हाताने चादर किंचित दाबतो, सोडतो, दाबतो. अनिलकुमारला वाटायचं, दुखत असेल.

*

गेल्या सोमवारी मनीषा, अनिलकुमारची बायको, त्याच्या फोनवर पोरीच्या शाळेचा फोटो काढत होती. फोन म्हणाला, जागा नाही.

"काय काय भरून ठेवलाव ह्यात?" ती म्हणाली. "ह्यो बघा, समदा तुमच्या बोलण्याचा रेकॉर्ड. तीन वर्साचा. पुसू का?"

त्याने तिच्या हातातून फोन घेतला.

फोन प्रत्येक बोलणं आपोआप साठवतो, हे त्याला माहीत नव्हतं. घेताना दुकानदाराने तसं करून दिलं असेल. गिऱ्हाइकांची यादी, तारखांची यादी. पप्पू. रेसच्या सतरा दिवस आधीचं बोलणं.

तो दुकानात गेला. शटर अर्धं खाली ओढलं. शेजारचा मिक्सर दुरुस्तीवाला काहीतरी फिरवत होता, त्याचं संपेपर्यंत थांबला. मग लावलं.

बोलणं कानडीत आहे. मराठीत असं:

पप्पू: कागद मिळाला?

अनिलकुमार: मिळाला. जाडी लिहिली नाहीस.

(ग्राइंडर)

पप्पू: तेच सांगतो. तळ गेलाय गाडीचा, बारीक नको. यम्‌यम् आरू. कळलं का?

(ग्राइंडर)

अनिलकुमार: कळलं. मूरू.

पप्पू: हां, तेच.

(ग्राइंडर. पप्पूच्या बाजूला कुणीतरी इंजिनला जोरात रेस देतो.)

पप्पू: लवकर कर.

अनिलकुमार: करतो.

चौतीस सेकंद.

*

पुन्हा लावलं. पुन्हा.

बारीक नको. हे त्याने ऐकलंच नव्हतं, ते ग्राइंडरखाली गेलं होतं, पण आता कान लावला की येत होतं. पप्पू आरू म्हणाला होता. स्पष्ट. आणि आपण परत म्हणून दाखवलं होतं, मूरू, जसं चांगल्या मिस्त्रीने म्हणून दाखवावं. आणि पप्पू म्हणाला होता, हां, तेच. त्याने आरू ऐकलं. याने मूरू ऐकलं. दोघांनी एकमेकांना विचारून घेतलं आणि दोघांनाही होकार मिळाला.

मग चूक कुठे ठेवायची. चौतीस सेकंदांत अशी एक जागा नव्हती की तिथे बोट ठेवून म्हणावं, हीच.

बटण सोडलं असतं तर.

त्याला वाटलं होतं, ऐकल्यावर एक काहीतरी होईल. एक तर आपण सुटू, नाहीतर पूर्ण बुडू. दोन्ही झालं नाही. फोनच्या काचेवर लोखंडाची धूळ बसली होती, ती त्याने अंगठ्याने पुसली, आणखी पसरली.

*

मंगळवार, सकाळ.

"आला का हमाल?"

"शिवराज, एक ऐकवायचंय."

"गाणं?"

"न्हाई."

तो वाक्य बोलला नाही. सात महिने घासलेलं वाक्य तसंच राहिलं आणि त्याने फोन पुढे केला. शिवराजला कानडी त्याच्याइतकीच येते. चौतीस सेकंद झाले.

"परत लाव."

लावलं.

"परत."

तिसऱ्यांदा संपल्यावर शिवराज म्हणाला, "सहाची पाहिजे होती."

"व्हय."

"आन तू तीनची लावलास."

"व्हय."

"कधीपासून म्हायती हाय तुला?"

"तीनची कमी पडली हे... त्याच दिवशी. वाकलेली बघितली की. पप्पू काय म्हणाला हे काल कळलं."

"पप्पूला ऐकवलास?"

"न्हाई."

"त्यानं इचारलं नसंल का तुला?"

"इचारलं होतं. मूरू म्हणलास असं सांगितलो मी त्याला."

"वा." शिवराज हसला, पण हसताना त्याचे डोळे फोनवरच होते. "मग त्याच्याकडं जायाचं सोडून हितं कामून आलास?"

"तुला वाटायलंय ना, तुझ्या पायानं झालं म्हणून. ब्रेकनं. तसं न्हाई. गाडी उलटतीच रेसमधी, सगळ्यांच्या उलटतात. कमान टिकली असती तर तू उठून चालत आला असतास. तुझी चूक न्हवती, हे सांगाया आलो."

"सहाची टिकली असती?"

अनिलकुमारने फोन खिशात घातला.

"सांग की. मिस्त्री हाईस ना तू."

"टिकली असती. म्हणजे... म्हायती न्हाई. तळच गंजलेला. पर वाकली नसती एवढी."

बाहेर दीपमाला भांडी घासत होती. शिवराजच्या डाव्या हाताने चादर दाबली, आणि मग हात मधेच थांबला. अनिलकुमारने बघितलं. हात तसाच राहिला, अर्धा वळलेला, जणू विसरला की पुढे काय करायचं.

"तुला सांगतो," शिवराज म्हणाला. आवाज अगदी साधा होता. "सात महिनं मी रोज त्या वळणावर जातो. तू आल्यावर बी जातो, तू गेल्यावर बी. ह्या हातानं गिअर कमी करतो. ब्रेक जरा आधी दाबतो. हितं, ह्या पायानं. पाय हलत न्हाई, पर मनात दाबतो. गाडी सरळ निघती. रोज निघती. चवथी फेरी घेतो, पाचवी घेतो."

"शिवराज"

"थांब. माझी चूक होती तवर गाडी मी चालवत होतो, कळायलंय का तुला? चुकलो, पर चालवणारा मी. आता तू म्हणायलास की मी कवा बी ब्रेक दाबला असता तरी खाली तुझी तीनची प्लेट होती. म्हंजी मी त्या गाडीत कोण होतो? ठिवलेलं सामान."

"मी तसं न्हाई म्हणायलो."

"मग कसं म्हणायलास?"

अनिलकुमारने सात महिने वाक्यं जुळवली होती, ती सगळी स्वतःबद्दल होती. मी ऐकलं, मला ऐकू आलं, मी विचारलं नाही. ऐकणाऱ्याचं काय होईल, याचं एकही जुळवलेलं नव्हतं.

"पाय गेले त्यो अपघात," शिवराज म्हणाला. "हे वळण तू हातानं नेलास. तुझं वझं हलकं कराया."

"मला वाटलं तुला बरं वाटंल."

"व्हय. वाटलं आसंल."

दीपमाला दारात आली. हात पुसत म्हणाली, "भावजी, टाइम झाला की, कूस बदलायची राहिली. काय बोलत बसलाव आज येवढं?" तिने दोघांकडे बघितलं. कुणी हसलं नाही तेव्हा ती क्षणभर थांबली, आणि आत चुलीवर काही नसतानाही "आले" म्हणून निघून गेली.

अनिलकुमार कॉटजवळ गेला. उशी सरकवली. एक हात शिवराजच्या पाठीखाली घातला, एक गुडघ्यांखाली. रोज या वेळी शिवराज दोन्ही हात त्याच्या मानेत टाकतो आणि अंग वर ओढतो, त्याचे हात अजून मजबूत आहेत, अर्धा भार तोच घेतो. त्यामुळेच एका माणसाला जमतं.

"हात टाक," अनिलकुमार म्हणाला.

शिवराज छताकडे बघत होता. हात दोन्ही बाजूंना चादरीवर होते, तळवे वर. तो बघत नव्हता वळणाकडे, ते अनिलकुमारला कळलं. तो नुसता छताच्या पत्र्याकडे बघत होता.

"शिवराज, हात टाक रे. मला एकट्याला न्हाई जमायचं."

हात हलले नाहीत. अनिलकुमार वाट बघत तसाच वाकून राहिला. पाठीखालच्या हाताला घाम लागला, शिवराजचा की स्वतःचा, कळेना. मग त्याने कॉटच्या पायाला पाय लावून टेकू घेतला, श्वास धरला, आणि सगळं वजन एकट्याने उचलायला लागला.